दुष्काळ हे अर्धंच कारण

पाऊस चांगला झाला की हंगामी स्थलांतर आपोआप थांबतं, असं म्हणतात. ऊसतोडीच्या बाबतीत हे पटत नाही. बीडकडे पाऊसपाणी बरं झालं तरी दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातातच. कारण मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आधीच घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. लग्न, दवाखाना, बी-बियाणं अशा कशासाठी तरी पैसे घेतले की हंगामभर तोडून ते फेडायचे, नाही फिटले तर बाकी पुढच्या वर्षावर. कोरडवाहू जमीन घराबाहेर काढते हे खरं, पण दरवर्षी उसाच्या फडात नेते ती ही उचल.

यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ असं धरतात. मजुरी टनावर, हिशेब जोडीचा, त्यामुळे बाईच्या हातात वेगळा पैसा सहसा पडत नाही. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, मग दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. खाडा झाला की दंड. पाळीमुळे खाडे पडू नयेत म्हणून बायका गर्भाशयच काढून घेतात, अशा बातम्या आल्या. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली, ती काही उगाच नाही.

पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृहं निघाली. पण तान्ह्याला सांभाळायला थोरली बहीण कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीवर, लागतेच, तिची शाळा तिथेच सुटते.

ऊस तोडणारी यंत्रं, म्हणजे हार्वेस्टर, आले की प्रश्न मिटेल म्हणणाऱ्यांनी, उचल बंद झाल्यावर गावात कर्ज कोण देणार तेही सांगावं. बँक तर दारात उभं करत नाही.