शब्दचर्चा: 'सर्वव्यापी' खटकतो, मग काय?

लेखणी: एका तांत्रिक लेखाचं भाषांतर करतेय. 'युबिक्विटस कंप्युटिंग सर्व्हिसेस'ला 'सर्वव्यापी संगणन सेवा' लिहिलं. संपादकांनी खोडून बाजूला लिहिलं, 'हे परमेश्वराचं विशेषण'. मजकूर साधा आहे: मोबाइल घेऊन माणूस दुसऱ्या खोलीत गेला की त्याचं काम तिथल्या पडद्यावर उघडतं, छपाईला जवळचाच प्रिंटर निवडला जातो. काय म्हणू?

पिंपळपान: लॅटिन 'उबीक्वे' म्हणजे सर्वत्र. 'सर्वत्र संगणन' करा, देव मध्ये येतच नाही.

जुना वाचक: 'सर्वत्र' अव्यय आहे, विशेषणाच्या जागी लंगडतं. 'सर्वव्यापी'च ठेवा. भ्रष्टाचार सर्वव्यापी चालतो, संगणकाचंच वावडं का?

ओवी: मला देवाची नाही, 'व्याप'ची अडचण वाटते. मूळ वि + आप्, पोचणं. पण मराठीत व्याप म्हणजे डोक्यामागची कटकट. आई म्हणायची, 'नसते व्याप वाढवू नकोस.' संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझरनं १९८८ साली 'झेरॉक्स पार्क' या संशोधन प्रयोगशाळेत ही मूळ इंग्रजी संज्ञा काढली ती अगदी उलट अर्थानं. संगणक आजूबाजूच्या वस्तूंत इतके मिसळून जावेत की त्यांच्याकडे लक्ष द्यावंच लागू नये. 'सगळीकडे' म्हटलं की हा निम्मा अर्थ गळतो. मी 'मुरलेलं संगणन' म्हणेन. पाणी जमिनीत मुरतं, वर दिसत नाही, पण खणाल तिथे ओल लागते.

जुना वाचक: 'इथे पाणी मुरतंय' म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. संशयाचा शब्द तांत्रिक लेखात नको.

ओवी: संशय इथे अस्थानी नाही. १९९०च्या सुमारास केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटी कंपनीच्या प्रयोगशाळेत माणसं छातीला बिल्ला लावत. तो दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली खूण पाठवी, म्हणून कोण कुठल्या खोलीत आहे ते कळे आणि फोन तिथे वळवता येई. सेवा हवी तर ठावठिकाणा द्यावा लागतो. 'मुरलेलं'मध्ये दोन्ही येतं.

पिंपळपान: छान, पण अनेकवचनी सेवांना कसं लावणार? 'मुरलेल्या सेवा' म्हणजे जुन्या झालेल्या वाटतात.

शुद्धमती: आधी 'मोबाइल' काढा. 'भ्रमणध्वनी' हा घडवलेला शब्द आहे, तो वापरायचा नाही तर घडवला कशाला?

ओवी: या लेखातल्या मोबाइलमध्ये ध्वनी कुठे आहे? वायझरच्या प्रयोगशाळेतला 'टॅब' तळहातात मावायचा, पण त्यावरून फोन करता येत नसे. तोही मोबाइल उपकरणच.

शुद्धमती: मग 'फिरतं उपकरण' म्हणा.

जुना वाचक: फिरतो तो माणूस. उपकरण खिशात असतं.