अनुभव धागा: मर्सिडीज-बेंझ, ट्रकच्या नाकावरून आपल्या दारापर्यंत

धागाकर्ता, पुणे

मर्सिडीज म्हटलं की लोकांना बिल्डर, पुढारी आणि वरातीतली फुलांनी सजवलेली पांढरी गाडी आठवते. मला मात्र या कंपनीचं आपल्याशी असलेलं नातं वेगळंच वाटतं. तीन टोकांचा तारा आपल्याकडे रुजला तो ट्रकवर. १९५४ मध्ये टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ‘टाटा-मर्सिडीज-बेंझ’ ट्रक तयार होऊ लागले. टेल्को उभी करण्यात सुमंत मुळगावकरांचा सिंहाचा वाटा. हेच ते मुळगावकर, ज्यांच्यावरून पुढे सुमो गाडीचं नाव पडलं. १९६९ ला करार संपला, तारा गेला आणि टाटांचं स्वतःचं चिन्ह आलं. मग थेट १९९४. पुण्यात मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी पिंपरीत, टेल्कोच्याच आवारात, ई-क्लासची जुळणी सुरू झाली. २००९ पासून कारखाना चाकणला आहे.

पिंपरीत बनलेल्या त्या पहिल्या मॉडेलला जगभर ‘डब्ल्यू १२४’ म्हणतात. माझ्याकडे त्यातली ई २५० डिझेल आहे, पाच सिलिंडरची. सांगलीच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली. त्या काळी पुष्कळांनी या गाडीला नाकं मुरडली होती, कारण १९९५ मध्येच जर्मनीत गोल दिव्यांचा नवा ई-क्लास आला आणि आपल्या हाती जुनं मॉडेल पडलं. माझ्या मते आपल्याला जास्त चांगली गाडी मिळाली. पावसात तिचा वायपर बघा. एकच दांडा, पण काचेच्या कोपऱ्याकडे जाताना तो आतून लांब होतो आणि मध्यावर येताना पुन्हा आखडतो. काचेचा सुमारे ८६ टक्के भाग एकट्याने पुसून काढतो. ताम्हिणीत धो धो पाऊस लागला की शेजारी बसलेला माणूस रस्ता सोडून त्या वायपरकडेच बघत राहतो.

ज्यांच्याकडे नवी, जुनी, वडिलांची, मालकाची, कुठलीही बेंझ होती किंवा आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहा. इतिहास, खर्च, त्रास, सगळं चालेल.

कऱ्हाडची लेक

माझे आजोबा ट्रकवाले. आमच्या घरात ‘मर्सिडीज’ म्हणजे ट्रकच. लांब नाकाचा, पुढे जाळीवर तारा. ऊस, गूळ, सिमेंट, जे मिळेल ते भरून गाडी कोल्हापूर-मुंबई करायची. आजोबांनी आधी दुसऱ्या मालकाकडे पेट्रोलच्या जुन्या ट्रकवर दिवस काढले होते. डिझेलची ही गाडी घेतल्यावर एका फेरीमागे उरणारे पैसे पाहून त्यांनी पुढच्या दोन वर्षांत विहिरीचं काम काढलं, असं आजी सांगायची. आमची शेती बागायती झाली ती त्या इंजिनामुळे.

दर अमावास्येला रेडिएटरसमोर नारळ फुटायचा आणि पहिलं कुंकू ताऱ्याला लागायचं. ट्रक विकताना आजोबांनी तो तारा काढून ठेवला. पितळेचा नव्हे, साध्या धातूचा आहे, मुलामा उडालाय. दसऱ्याला विळा-कोयत्यांबरोबर तोही पाटावर असतो. धागाकर्त्यांनी ट्रकपासून सुरुवात केली म्हणून हे लिहावंसं वाटलं.

ठाण्याहून

आमच्याकडे डब्ल्यू १२३ आहे, म्हणजे १२४ च्या आधीचं मॉडेल, २४० डिझेल. बाबा मस्कतला नोकरीला होते, परत येताना गाडी घेऊन आले. हे मॉडेल १९७६ ते १९८६ या काळात जवळपास २७ लाख बनलं, जर्मनीत टॅक्सीवाल्यांची आवडती गाडी. वेगाबद्दल बोलायला नको. ७२ हॉर्सपॉवरमध्ये दीड टनाच्या आसपासचं धूड, शंभराचा वेग गाठायला वीस सेकंद पुरत नाहीत. पण एकदा ऐंशीला लागली की दिवसभर त्याच सुरात चालते.

गाडी लेफ्ट हँड. एक्स्प्रेस-वे नव्हता तेव्हा खंडाळ्याच्या घाटात ओव्हरटेक करायचं म्हणजे बाबांना समोरचं काही दिसायचंच नाही. उजव्या सीटवर आई. “येऊ द्या… थांबा, एसटी आहे… हां, आता काढा!” आईला गाडी चालवता येत नव्हती, पण समोरच्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा तिचा अंदाज मी आजवर कुणात पाहिला नाही. बाबा तिच्या शब्दावर डोळे मिटून गिअर टाकायचे.

एक गंमत नव्या लोकांना माहीत नसेल. या इंजिनाला स्पार्क प्लग नाही, त्यामुळे किल्ली फिरवून करंट तोडला तरी ते थांबत नाही. किल्ली फिरवली की व्हॅक्यूमच्या नळीतून डिझेल पंपाचा शटर ओढला जातो, मग इंजिन बंद होतं. दरवाज्यांची कुलुपंही त्याच व्हॅक्यूमवर. एखाद्या दारातली चाळीस वर्षांची रबरी नळी चिरली, की किल्ली खिशात आणि इंजिन धडधडत चालू! सोसायटीचा वॉचमन दोनदा घाबरून वर आला होता. उपाय बॉनेटखालीच आहे: इंजिनावर ‘स्टॉप’ लिहिलेली एक पट्टी असते, ती बोटाने दाबून धरायची. बाबांनी घरातल्या सगळ्यांना ती दाखवून ठेवली होती, अगदी कामवाल्या मावशींनासुद्धा.

निगडीचा काका

मी १९९५ मध्ये पिंपरीत ई-क्लासच्या जुळणीच्या लाइनवर होतो. त्याआधी ट्रकच्या बाजूला काम केलेलं, त्यामुळे हात चांगला बसलेला. जर्मनीहून सुटे भाग लाकडी पेट्यांतून यायचे. पेटी उघडली की गंजरोधक तेलाचा एक विशिष्ट वास यायचा, तो अजून नाकात आहे.

ट्रकवर आम्ही बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळायचो आणि तो अंदाज चुकत नसे. इथे प्रत्येक बोल्टचा आकडा ठरलेला. टॉर्क रेंचचा (बोल्ट किती जोराने आवळायचा ते ठरवून देणारा पाना) ‘टक्’ ऐकू आला की हात थांबवायचा, वर अर्धा सूतही नाही. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, आपल्यावर विश्वास नाही म्हणून हे चाललंय. शिकवायला आलेला जर्मन मनुष्य माझ्याहून वयाने मोठा होता. त्याने एक दिवस स्वतःच्या हाताने आवळलेला बोल्ट मला रेंच लावून तपासायला सांगितला आणि वहीत सही करायला लावली. मी त्याचं काम तपासायचं, त्याने माझं. त्यानंतर कुणाच्या मनात काही उरलं नाही. दारांच्या फटी आम्ही गेज घालून बघायचो, आणि सवय झाल्यावर नुसतं बोट फिरवून.

पहिल्या खंडेनवमीला टॉर्क रेंच ओळीने मांडून हळदकुंकू वाहिलं. जर्मन साहेबांनी विचारलं, याचं काय काम? सुपरवायझर म्हणाले, वर्षभर हातात असतं त्याला एक दिवस नमस्कार. त्यांनीही फूल वाहिलं. धागाकर्ते, तुमच्या गाडीची चॅसिस प्लेट बघा, कदाचित माझ्या पाळीतली असेल.

धागाकर्ता, पुणे

काका, नमस्कार. दारं आजही एका बोटाने ढकलली तरी बसतात. फोटो पाठवतो.

श्टुटगार्टवासी

मी इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, नेकार नदीपलीकडे उंटरटुर्कहाइमला कंपनीचं मूळ घर. म्युझियम २००६ मध्ये उघडलं. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर नेतात आणि दार उघडल्यावर पहिल्यांदा दिसतो तो पांढरा घोडा! मग गोल उतारावरून खाली येत येत इतिहास पाहायचा. तिथेच कार्ल बेंझची तीनचाकी आहे, जिचं पेटंट २९ जानेवारी १८८६ चं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती कार्लची बायको, बेर्था बेंझ. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली, ब्रेकला चांभाराकडून चामडं मारून घेतलं, आणि वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखं इंधन, विकत घेतलं. ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप मानतात. आता त्या मार्गावर पाट्या आहेत. सासूबाई आल्या तेव्हा आम्ही हायडेलबर्ग ते वीसलोख तोच रस्ता धरला. औषधाच्या दुकानासमोर त्या म्हणाल्या, “हिने स्वतःचा हुंडा नवऱ्याच्या कारखान्यात घातला, आणि गाडी चालते हेही हिनेच दाखवून दिलं.” हुंड्याची गोष्ट खरी आहे. लग्नाआधीच तिने आपल्या वाट्याचे पैसे वडिलांकडून घेऊन कार्लच्या धंद्यात घातले होते.

आणि एक गोष्ट गाळून हा इतिहास सांगू नये असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यांत युद्धकैदी, छळछावणीतले कैदी आणि व्यापलेल्या देशांतून पकडून आणलेली माणसं राबवली गेली. १९४४ मध्ये साठ हजारांहून अधिक कामगारांपैकी जवळपास निम्मे असे सक्तीचे होते. कंपनीने हे पुढे मान्य केलं आहे, म्युझियममध्येही ते मांडलेलं आहे. पाहुण्यांना घेऊन जाते तेव्हा त्या भागात मी मुद्दाम थांबते.

गाडी? आमची जुनी सी-क्लास इस्टेट, ‘यारेसवागन’ म्हणून घेतलेली. इथले कारखान्यातले लोक सवलतीत नवी गाडी घेतात, वर्षभर वापरतात आणि विकतात. अशी गाडी मिळाली तर डोळे झाकून घ्यावी.

नाशिकचा डॉक्टर

माझी २०१८ ची सी-क्लास डिझेल, चाकणची. थोडक्यात सांगतो. नाशिक-मुंबई प्रवासात थकवा येत नाही, हायवेला मायलेज उत्तम. पण टायर बारीक कडेचे, आणि कसाऱ्याच्या पुढे एका खड्ड्याने साइडवॉल फाडली, रिमही वाकला. पावसाळ्यात मी रात्रीचा प्रवास बंद केला आहे. वॉरंटी संपल्यावर शहरातल्या एका खासगी गॅरेजने ब्रेकच्या कामाला सांगितलेली रक्कम दुसऱ्याने जवळजवळ निम्म्यावर आणली, पार्ट तेच. तेव्हा दोन ठिकाणी विचारा. नवी घेताना एवढंच बघा की पहिल्या तीन-चार वर्षांत किंमत झपाट्याने उतरते. ज्याला गाडी दहा वर्षं ठेवायची आहे त्यानेच नवी घ्यावी.

मडगावकर

खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्यांसाठी: जॅक लावायच्या भोकांवरचे रबरी बूच जाग्यावर आहेत ना ते बघा. आमच्याकडच्या डब्ल्यू १२४ तिथूनच सडतात. बॅटरीखालचा ट्रेही उचलून बघा.

कोल्हापूरचा गॅरेजवाला

मडगावकरांनी बरोबर सांगितलं. जुनी बेंझ घ्यायला निघालेल्यांसाठी जरा सविस्तर लिहितो, कारण चुकीची गाडी घेऊन आलेले लोक बघून जीव हळहळतो.

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ मध्ये बंदी आली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. रंग चकचकीत असतो. त्याला भुलू नका. गाडी थंड असताना जा, मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नका. हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन चालू होण्याआधी आतून तापवणारे) चांगले असतील तर पहिल्या सेल्फला उठते. आयडलवर असताना तेल भरायचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. झाकण थोडं थरथरलं तर इंजिन ठीक. भाकरी फुगून तव्यावरून उठावी तसं उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, पुढचं बोलू नका.

मग खाली वाका. प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) दोन्ही टोकांना रबराची फ्लेक्स डिस्क, म्हणजे लवचिक चकती, असते, तिच्यात चिरा आहेत का बघा. मागच्या चाकाला पाच-पाच दांडे, त्यांचे बुश (सांध्यातले रबर) गेले की गाडी मागून पोहते. इथल्या उद्यमनगरात लेथवर आपण काय वाट्टेल ते करून घेऊ, पण रबर तिथे करून घेऊ नका. जर्मन रबर महाग पडतं, तरी वर्षानुवर्षं पाहावं लागत नाही.

पेट्रोल ई २२० घेणाऱ्यांनी इंजिनाचं वायरिंग बघायचं. १९९२ ते ९५ च्या सुमारास वायरीवर जे आवरण वापरलं ते उष्णतेने भुगा होतं, हे जगभर सगळ्यांना माहीत आहे. बदललं असेल तर बिल मागा.

पार्ट मिळतात. जर्मनीत फेलबाखला कंपनीचं क्लासिक सेंटर आहे, मुंबईत जुने दुकानदार आहेत. फक्त पार्ट नंबर हातात हवा. ‘बेंझचा बुश द्या’ म्हणून गेलात तर काहीही गळ्यात मारतील.

ठाण्याहून

दादा, आमच्या २४० ची पासिंगची मुदत संपत आलीये. इंपोर्टेड गाडीच्या फेरनोंदणीची फी २०२२ मध्येच चाळीस हजार झाली होती, वर पर्यावरण कर. बाबा गेले, भाऊ म्हणतो विकून टाकू. आईचा ठाम नकार आहे. या वयात ती अजूनही उजव्या सीटवर बसून “काढा आता” म्हणते. तेव्हा गाडी ठेवायचीच. पासिंगआधी व्हॅक्यूमच्या सगळ्या नळ्या एकदाच बदलायच्या आहेत. कोल्हापूरला आणली तर किती दिवस लागतील?

कोल्हापूरचा गॅरेजवाला

ताई, आणा. नळ्या दोन दिवसांत होतील, पण चारही दारांचे आतले पत्रे उघडावे लागतात आणि जुन्या क्लिपा तुटतातच, त्या आधी मागवून ठेवू. ब्रेकचा व्हॅक्यूम पंपही त्याच वेळी उघडून बघू, पंप खराब असला तर नव्या नळ्यांचा उपयोग नाही. आरसीची झेरॉक्स नको, चॅसिस नंबरचा स्वच्छ फोटो पाठवा, त्यावरून पार्ट नंबर काढतो. आणि काकूंनाही घेऊन या, रंकाळ्याजवळच घर आहे, जेवायला थांबा.