मिरज-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मुंबईसारखी लोकल का होत नाही?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न विचारतोय. आमची धाकटी रोज सांगलीतनं कोल्हापूरला कॉलेजला जाते, भाऊ किर्लोस्करवाडीला कारखान्यात आहे, शेजारचे दोघं जयसिंगपूरला दुकानात. सगळे एकाच लोहमार्गावर आणि तरी निम्मे लोक एसटीनं नाहीतर टू-व्हीलरवर जातात, कारण गाडी एक गेली की पुढची कधी ते बघावं लागतं, आणि सकाळची सोयीची चुकली की दिवस गेला. आता पुणे-मिरज मार्गावर दुसरी लाईन पडली, वरनं विजेची तार आली, कोल्हापूरपर्यंत पण तार आली, मग आता अडतंय कुठं? मुंबईत दर तीन-चार मिनिटाला लोकल सुटते ती नेमकी कशाच्या जोरावर? आणि पुण्याला लोणावळा लोकल मिळाली ती कशी मिळाली? कुणाला रेल्वेतलं आतलं माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा, निवेदन द्यायचंय पण नुसतं "लोकल द्या" असं लिहून कुणी ऐकत नाही.

मिरज_यार्ड

दादा चांगला विषय काढलात. मी रेल्वेत ऑपरेटिंगलाच, म्हणजे गाड्या चालवायच्या खात्यात होतो, आता रिटायर, त्यामुळं जरा लांबण लागेल, वाचा.

पहिली गोष्ट, लोकल म्हणजे तो पांढरा-जांभळा डबा नव्हे. लोकल म्हणजे वेळापत्रक. आणि वेळापत्रक पेलायला खाली चार गोष्टी लागतात: गाडी झटकन वेग घेणारी पाहिजे, टोकाला गेल्यावर लगेच उलटी फिरली पाहिजे, सिग्नल जवळजवळ पाहिजेत, आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांपासनं वेगळी लाईन पाहिजे. मुंबईला हे एका दिवसात मिळालेलं नाही.

तिथं रेल्वे आली १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, तेव्हा वाफेची इंजिनं. लोकलचा खरा जन्म मी मानतो तो ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर, चार डब्यांची. पश्चिम रेल्वेच्या बाजूला कुलाबा ते बोरिवली वीज आली जानेवारी १९२८ मध्ये. आता इथं लक्ष द्या, कारण पुण्याचं उत्तर यातच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं तीच तार कल्याणच्या पुढं बोरघाट चढवून १९२९ मध्ये पुण्यापर्यंत आणली. ती काय पुणेकरांच्या लोकलसाठी नव्हती, घाटात वाफेची इंजिनं दमायची म्हणून आणलेली. पण तार आली ती आलीच. पुढं पिंपरी-चिंचवडला कारखाने वाढले, कामगार वाढले, आणि १९७८ ला पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली तेव्हा तार आधीच जागेवर होती, लाईन दुहेरी होती, मुंबईच्याच धर्तीचे रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांचे अख्खे संच, चालत होते. म्हणजे अर्धं काम पन्नास वर्षं आधी दुसऱ्याच कारणानं झालेलं.

आणि त्याच काळात आपल्याकडं काय होतं? मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एकच मीटर अंतर! सदर्न मराठा रेल्वेनं १८८० च्या दशकात पुणे-मिरज-लोंढा मार्ग मीटर गेजवर टाकला, १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर धान्य पोचवायला रेल्वे पाहिजे आणि ती कमी खर्चात पाहिजे हा विचार त्यामागं होता. त्यामुळं पुण्याला मुंबईकडची ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची लाईन, सोडायची आणि आपली छोटी लाईन धरायची, माणसानं बोचकी घेऊन गाडी बदलायची, मालाचं पण तसंच. मिरज-कोल्हापूर १८९१ ला झाली, कोल्हापूर संस्थानच्या पैशानं. सांगली तर मुख्य मार्गावर नव्हतीच, मिरजेतनं सांगली संस्थानची छोटी शाखा होती १९०७ पासनं. आजही शहरात "स्टेशन चौक" आहे पण तिथं स्टेशन नाही, नव्या पोरांना त्याचं कोडं पडतं. मिरज जंक्शनला १९२७ पासनं पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज, म्हणजे आणखी अरुंद लाईन पण होती, आणि १९७१ ला पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झाल्यावर कितीतरी वर्षं एकाच स्टेशनात तीन मापाचे रूळ होते. मी स्वतः तिन्हीकडचा माल एका यार्डात हलताना बघितलाय, फार सुंदर दृश्य, पण कामाच्या दृष्टीनं जीव जायचा.

म्हणजे हिशेब असा, तार पुण्याला १९२९ ला आणि आपल्याला या अलीकडच्या वर्षांत. कमी पडलो म्हणून नाही, मापच वेगळं पडलं होतं.

आता चालवण्याचं. मुंबईच्या रेकमधे इंजिन वेगळं नसतं, दर तीन डब्यांमागं एक मोटर डबा असतो, १२ डब्यांच्या गाडीत चार. ताकद सगळ्या लांबीत वाटलेली, म्हणून गाडी स्टेशनातनं सुटली की लगेच वेग घेते. आपली इंजिन लावलेली पॅसेंजर सगळा भार पुढनं ओढते, वेग घेईपर्यंत नांद्रे स्टेशन यायची वेळ होते, आणि टोकाला गेल्यावर इंजिन काढा, दुसऱ्या बाजूला न्या, जोडा, ब्रेक तपासा. लोकलला दोन्ही टोकाला केबिन, या टोकाचा मोटरमन उतरतो आणि गर्दीच्या वेळी त्या टोकाला दुसरा उभाच असतो, गार्डनं दोन बेल दिल्या की गाडी चालू. तिथला ऑटोमॅटिक सिग्नल पुढची गाडी सरकली की आपोआप बदलतो, त्यामुळं दोन स्टेशनांच्या मधे एकामागं एक दोन-तीन गाड्या असतात. आपल्याकडं जुन्या पद्धतीत दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. ती पुढच्या स्टेशनात शिरली, तिथल्या मास्तरनं मोकळं दिलं, मग दुसरी. एकेरी लाईनवर तर ड्रायव्हरच्या हातात टोकनचा गोळा पडल्याशिवाय गाडी हलायची नाही.

आणि मिरज-कोल्हापूर ४८ किलोमीटर अजून एकेरी आहे. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथं आहे.

डोंबिवलीकर_मूळची_सांगलीची

काकांनी छान सांगितलं, मी रोजच्या बाजूनं थोडी भर घालते. माहेर सांगली, गेली बरीच वर्षं डोंबिवली. इथं लोकल आहे म्हणून आम्ही नोकऱ्या करू शकतो हे अगदी खरं, १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हापासनं बायकांच्या डब्यांचा विषय किती मोठाय ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. पण काकांनी त्या चारातली शेवटची जी गोष्ट म्हटली, वेगळी लाईन, तीच सगळ्यात महागडी. ठाणे-दिवा पाचवी सहावी लाईन फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली, त्याआधी मेल-एक्सप्रेस आणि आमच्या लोकल एकाच पट्ट्यात अडकायच्या, एक लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली की मागच्या सगळ्या लोकल रखडायच्या. सांगलीकडनं येणारी महालक्ष्मी कर्जतवरनं कल्याणला येते, ती पण याच गर्दीतनं जाते. जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकलेली आठवत असेल सगळ्यांना, हजारावर माणसं होती आत, त्यातली कितीतरी आपल्याच भागातली, रात्रभर आई फोन करत होती की ओळखीचं कोण आहे का गाडीत.

आणि एक, रात्री साधारण एक ते चार गाड्या बंद असतात आणि रविवारी मेगाब्लॉक, तेव्हा रूळ, तार, सिग्नलची कामं होतात. म्हणजे दाट गाड्या चालवायच्या तर बंद ठेवायचे तास पण आधीच कापून ठेवावे लागतात, नाहीतर सगळं खिळखिळं होतं. सांगलीला इथल्यासारखी लटकणारी गर्दी नको, पण वेळेची खात्री मात्र हवी. मला इथं सगळ्यात काय आवडतं तर वेळापत्रक बघावं लागत नाही.

ओगलेवाडी_कराड

मुद्दा बरोबर पण स्टेशनं बघा कुठायत. कराडचं स्टेशन ओगलेवाडीत, साताऱ्याचं माहुलीच्या बाजूला, गावातनं स्टेशनला यायलाच रिक्षा नाहीतर एसटी. मग माणूस म्हणतो एवढं केलं तर थेट एसटीनंच का जाऊ नये. माझं प्रामाणिक मत, सातारा-कराड-सांगली हा पट्टा लोकलचा होणार नाही, पण किर्लोस्करवाडी-भिलवडी-सांगली-मिरज होऊ शकतो कारण तिथं गावं रुळाला चिकटून आहेत. किर्लोस्करवाडी तर १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशन बघूनच तिथं वसवली, गावच रेल्वेमुळं झालंय. विश्रामबागला पण उतरलं की विलिंग्डन कॉलेज जवळ.

कुपवाड_एमआयडीसी

मला नाही पटत. सांगली-मिरज शहर बस आणि वडाप (शेअर गाड्या) किती आहेत बघा, हात केला की थांबतात, घराजवळ सोडतात. रेल्वेनं स्टेशनला जा, तिकीट काढा, जिना चढा. दहा किलोमीटरच्या आत रेल्वे बसला हरवू शकत नाही. आधी रस्ते करा, सांगली-कोल्हापूर रस्त्यावर अपघातात पोरं जातायत रोज.

मिरज_यार्ड

कुपवाडकर भाऊ, सांगली-मिरजपुरतं तुमचं खरं आहे, तेवढ्या अंतरासाठी कुणी लोकल मागूच नये. पण सांगली ते कोल्हापूर आणि तिकडं किर्लोस्करवाडीपर्यंत रेल्वे जिंकते, विशेषतः पासवाल्याला. मासिक पास साध्या गाडीला १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, त्याला लोकल असायची गरज नाही, आणि तो बसच्या मानानं कितीतरी स्वस्त पडतो. रस्त्यावरच्या पोरांची काळजी तुम्ही केलीत, त्या पोरांना गाडीत बसवायचा रस्ता हाच आहे.

विश्रामबागकर दादा, निवेदनात "लोकल" शब्दच टाळा असं माझं सांगणं. लोकल म्हटलं की ऑफिसात मुंबईचं चित्र डोळ्यासमोर येतं, उंच प्लॅटफॉर्म, वेगळी लाईन, कारशेड, आणि फाईल बाजूला पडते. मागा मेमू, म्हणजे जवळच्या पल्ल्याची, वेगळं इंजिन नसलेली विजेची पॅसेंजर. ती पण दोन्ही टोकाला केबिनची, इंजिन फिरवायची कटकट नाही, आपल्या प्लॅटफॉर्मना चालतील अशा पायऱ्या असतात, नव्या गाड्यांत संडास पण असतो जो मुंबईच्या लोकलमधे नसतो. २५ हजार व्होल्ट एसीवर चालते, आपली तार तीच आहे. मुंबईनं पण आपलं जुनं डीसी टप्प्याटप्प्यानं एसीवर नेलं, हार्बर २०१६ ला शेवटी.

मागताना वेळ लिहून मागा. सकाळी शिफ्ट आणि कॉलेज धरून एक फेरी, संध्याकाळी परतीची, आणि दुपारी एक. एकच मेमू रेक पुरवून वापरता येतो, किर्लोस्करवाडी ते कोल्हापूर आणि उलटा, कारण टोकाला वेळ जात नाही. देखभालीला जागा मिरजेत काढता येईल का ते विचारा. आणि कोल्हापूरच्या एकेरी लाईनवर क्रॉसिंग, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना वाट देणं, कुठं करायचं तेही सुचवा, हातकणंगले, रुकडी बघा, तिथं समोरच्या गाडीसाठी मेमू ताटकळली तर लोक पहिल्याच महिन्यात सोडून देतील. सगळ्यात शेवटी मिरज-कोल्हापूर दुहेरीकरण मागा, ते मोठं काम आहे, कृष्णा आणि पंचगंगेवर पूल लागणार, २०१९ च्या महापुरात हाच मार्ग बंद पडला होता हे विसरू नका.

अजून एक, मिरजेला पुणे, सोलापूर आणि हुबळी अशा तीन विभागांचा संबंध येतो, पण कोल्हापूर आणि पुण्याची बाजू पुणे विभागाकडं आहे, निवेदन तिकडंच द्या आणि रेल्वे प्रवासी सल्लागार समितीतल्या सदस्याला प्रत द्या.

विश्रामबागकर

काका खूप आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मेमू, वेळा आणि क्रॉसिंग, तिन्ही लिहितो. डोंबिवलीच्या ताईंचं पण घेतो, वेळेची खात्री हा मुद्दा पहिला टाकतो. कुपवाडकर, तुम्ही पण सही करा, तुमच्या एमआयडीसीत सकाळी माधवनगरला उतरून येणारे किती लोक आहेत ते तुमच्याकडनंच कळेल, तेवढा आकडा मिळाला तर निवेदनात घालता येईल.

कुपवाड_एमआयडीसी

विचारतो. आमच्या शेडमधे भिलवडीकडचे बरेच आहेत, शिफ्ट सातची आहे, म्हणजे गाडी माधवनगरला साडेसहाच्या आत पाहिजे, नाहीतर त्यांना काही उपयोग नाही. ते लिहा त्यात.