मदत हवी आहे: स्पर्मची मोटिलिटी (पोहण्याची क्षमता) पडली पण माद्या गाभण राहतायत, अर्थ काय लावायचा?

नमस्कार मंडळी, प्राण्यांवर औषधी वनस्पतींची टेस्टिंग केलेलं कोणी असेल तर जरा बघा. पपईच्या बियांचा पाण्यातला अर्क विस्टार जातीच्या नर रॅटना रोज नळीने तोंडातून दिला, 28 दिवस, तीन डोस आणि नुसतं पाणी दिलेला कंट्रोल ग्रुप. एथिक्स कमिटीची परवानगी वगैरे रीतसर आहे.

आता घोळ असा की वरच्या दोन डोसना एपिडिडिमिसच्या (वृषणाला लागून असलेली नळी, जिथे स्पर्म पिकतात आणि साठतात) कॉडामधल्या (शेवटच्या भागातल्या) स्पर्मची मोटिलिटी चक्क पडली (स्लाइड, मीडियम सगळं 37 डिग्रीला होतं, त्यामुळे थंडीने मंदावले म्हणू नका), काउंट थोडासाच कमी, पण टेस्टिसचे (वृषणाचे) सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखालचे पातळ काप, बघावेत तर स्पर्म बनवणाऱ्या पेशींचे सगळे थर जागच्या जागी आणि टेस्टोस्टेरॉन कंट्रोलइतकंच. आणि कहर म्हणजे शेवटच्या आठवड्यात याच नरांसोबत ठेवलेल्या माद्या आरामात गाभण राहिल्या!

सर म्हणतात 60 दिवस करायला हवं होतं. पटतं, कारण रॅटमध्ये स्पर्म बनायलाच साधारण 52 दिवस लागतात, वर एपिडिडिमिसमधून सरकायला आठवडाभर तरी, म्हणजे आत्ता मोजलेले स्पर्म डोस सुरू व्हायच्या आधीच बनायला लागलेले. पण मग टेस्टिसमध्ये खरंच बिघाड होत असता तर इतक्या दिवसांत सेक्शनमध्ये एखादा थर तरी विरळ दिसला असता ना? म्हणून मला वाटतं अर्क टेस्टिसवर नाही, एपिडिडिमिसवर काम करतोय, आणि रॅट नराकडे स्पर्मचा साठा गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो त्यामुळे मेटिंगमध्ये काही दिसलं नाही. टीममधल्या एकाला आत्ताच पेपरच्या नावात गर्भनिरोधक घालायचंय, मला ते अजिबात पटत नाही.

अजून एक, सगळ्यात वरच्या डोसला वजन वाढलंच नाही, खाणं पण कमी होतं. मग मोटिलिटी अर्काने पडली की उपासमारीने? तेवढंच खाणं मोजून दिलेला वेगळा कंट्रोल लावावा लागेल का? मधल्या डोसला वजन ठीक होतं म्हणून मी ते टाळायला बघतोय, खरं सांगायचं तर नवीन प्राणी मागायचे म्हणजे परत कमिटी.

डाव्या बाजूचे एपिडिडिमिस उणे 80 ला ठेवलेत. त्यावर सायलिक अ‍ॅसिड आणि कार्निटिन (एपिडिडिमिस नीट काम करतोय का ते दाखवणारे पदार्थ) करून काही हाती लागेल, की सरळ 60 दिवसांची बॅच लावू आणि सोबत डोस बंद केलेला रिकव्हरी ग्रुप?