मदत हवी आहे: जुलाबाच्या नमुन्यांत नुसता ई. कोलायच का?

नमस्कार मंडळी,

एका भागातल्या लोकांना जुलाब कोणत्या जिवाणूंमुळे होतात, यावर प्रबंध करतेय. स्टूलचे नमुने मॅकॉन्की आणि एक्सएलडी या जिवाणू वाढवायच्या माध्यमांच्या प्लेटवर लावते, शिवाय अल्कलाइन पेप्टोन वॉटर या द्रव माध्यमात आधी वाढवून टीसीबीएस या कॉलऱ्यासाठीच्या प्लेटवर. कधी कॉलऱ्याच्या पिवळ्या कॉलनी मिळतात, कधी शिगेला, साल्मोनेला क्वचित. बाकी ढीगभर नमुन्यांपुढे 'रोगकारक जिवाणू आढळले नाहीत' असंच लिहितेय. तिकडे माणूस दिवसभर संडासला पळतोय आणि माझ्या प्लेटवर ई. कोलायचे गुलाबी ठिपके!

खरी धास्ती त्याचीच आहे. टॉक्सिन सोडणारा ई. कोलाय, म्हणजे ईटेक, मॅकॉन्कीवर आतड्यातल्या नेहमीच्या ई. कोलायसारखाच दिसतो. मी त्यालाच 'नॉर्मल' समजून टाकून देतेय की काय? प्रत्येक कॉलनीचा पीसीआर (जनुक शोधायची चाचणी) परवडणार नाही. एका प्लेटवरून किती उचलू?

शिवाय कॅम्पिलोबॅक्टर, म्हणजे जुलाब करणारा, कमी ऑक्सिजनमध्येच वाढणारा जिवाणू. ४२ अंशांचा इन्क्युबेटर आहे, बरणीतला ऑक्सिजन कमी करणारे गॅस पॅक नाहीत. बंद बरणीत मेणबत्ती पेटवून ठेवली तर भागेल?

प्रतिसाद १

तीन ते पाच कॉलनी उचला, एकत्र करून एलटी आणि एसटी या ईटेकच्या टॉक्सिनांच्या जनुकांसाठी एकच पीसीआर लावा. बरणीवर विसंबू नका. मेणबत्ती विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन उरतो. कॅम्पिलोबॅक्टरला ५ टक्क्यांच्या आसपासच लागतो. गॅस पॅक मागवाच.

नमुने किती वेळ ताटकळतात? शिगेला लवकर मरतो. केरी-ब्लेअर या नमुने वाहून आणायच्या माध्यमात, थंड ठेवून आणा. रुग्णाने आधी अँटिबायोटिक घेतलं होतं का, तेही टिपा. आणि रोटाव्हायरस काही प्लेटवर उगवणार नाही, त्यामुळे सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका.

निरोगी लोकांचे नमुने घेताय ना? आफ्रिका-आशियातल्या सात ठिकाणी मुलांच्या जुलाबांवर झालेल्या जेम्स (GEMS) अभ्यासात (निष्कर्ष २०१३) जुलाब नसलेल्या मुलांचेही नमुने तपासले होते, आणि त्यांच्यातही रोगकारक जंतू निघाले. ही तुलना नसेल तर जिवाणू सापडला एवढंच कळेल, जुलाब त्याच्यामुळेच झाले हे नाही.

धागाकर्ती

बापरे, निरोगी लोकांचं डोक्यातच नव्हतं! गॅस पॅकची मागणी आजच टाकते. पण धडधाकट माणसाकडे स्टूल मागायचं कसं? 'मला काही झालेलंच नाही' म्हणून दार लावतील. तुम्ही काय सांगून मिळवलेत?