मदत हवी आहे: ग्रास कटरचं अनुदान अडकलंय, लवकर सांगा

पावसाळी_माणूस
महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या अनुदानाच्या पोर्टलवर, ग्रास कटरसाठी अर्ज करायचाय. ऑनलाइन सेंटरवाला म्हणतो आयडी आणा, कृषी सहायक म्हणतात सेंटरवर जा. बागेत रान कमरेएवढं झालंय, बेणणीला (गवत काढायला) गडी मिळत नाहीत. दुकानदार म्हणतो मशीन आजच घेऊन जा, अनुदान मागून होईल. घेऊ का? हो किंवा नाही एवढंच सांगा, बाकी भाषण नको.

कातळावरचा
जिल्हा कुठला? आयडी कसला? अर्ज कोणाच्या नावाने? काहीच न सांगता हो-नाही विचारताय.

देवगडी_बागायतदार
नाही. दुकानदाराला मशीन खपवायचंय. पूर्वसंमती हातात यायच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. आधी अर्ज, मग कोटेशन आणि त्या मॉडेलचा तपासणी अहवाल, मग पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल अपलोड, मग मोका तपासणी, म्हणजे जागेवर येऊन मशीन बघतात. आमच्या वाडीतल्या एकाने उलट्या क्रमाने केलं, तो अजून बिल घेऊन फिरतोय.

पावसाळी_माणूस
तालुका राजापूर. आयडी म्हणजे फार्मर आयडी, अजून कुठला असणार? आणि मशीन दोन स्ट्रोक इंजिनाचं घेऊ की चार?

रानवाडी
चार स्ट्रोक, डोळे मिटून. दोन स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालावं लागतं. गडी बदलला की ते मोजमाप गेलं. आमच्याकडे नव्या गड्याने नुसत्या पेट्रोलवर चालवलं आणि पिस्टन धरला.

देवगडी_बागायतदार
सड्यावर, कातळाच्या सपाटीला चार स्ट्रोक ठीक. उतारावर ते वजन खांद्यावर घेऊन दिवसभर फिरून दाखवा. ऑइल घरूनच मिसळून कॅन भरून द्यायचा, गड्याच्या हातात बाटली द्यायचीच कशाला?
आणखी एक, हे कोणी सांगत नाही. कातळाला पातं लागलं की दात जातात, म्हणून लोक नायलॉन दोरी लावतात. पण लहान कलमाच्या बुंध्याशी दोरी नेऊ नका. वरून काही कळत नाही, पण साल गोल सोलून निघते आणि पाऊस ओसरला की कलम वाळायला लागतं. बुंध्याभोवती हातभर जागा कोयतीनेच काढा. आणि डोळ्यांना गॉगल लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका, खडा कसा येतो ते दिसत नाही.

निवृत्त_मास्तर
मूळ प्रश्न मशीनचा नाही, प्रशिक्षणाचा आहे. स्वामिनाथन आयोगानंतर २००७ साली राष्ट्रीय शेतकरी धोरण आलं. चांगल्या शेतकऱ्याच्या शेतावरच शेतीशाळा भरवाव्यात, शेतकऱ्याने शेतकऱ्याकडून शिकावं, असं त्यात आहे. त्यातली शेतकऱ्याची व्याख्याही वाचा: कूळ, वाटेकरी, शेतमजूर, मच्छीमार, मधमाश्या पाळणारा, सगळे शेतकरी. म्हणजे जमीन नावावर असलीच पाहिजे असं नाही. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा जाऊन या. देशातलं पहिलं केंद्र १९७४ ला पुदुच्चेरीत निघालं.

कातळावरचा
मास्तर, धोरण उत्तम आहे, पण पोर्टलला ते कोणी वाचून दाखवलेलं नाही. पोर्टल सातबारा बघतं.

आकाशवाटा
घरात बचत गट आहे का? नमो ड्रोन दीदी या केंद्राच्या योजनेत महिला गटाला ड्रोनच्या खर्चाच्या ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत मिळतात. वर प्रशिक्षणही मिळतं.

रानवाडी
ड्रोनने गवत कापायचं का?

आकाशवाटा
फवारणीसाठी म्हणतोय. उंच कलमांवर माणूस चढवण्यापेक्षा बरं.

देवगडी_बागायतदार
हापूसच्या दाट घेरात आतल्या फांदीपर्यंत औषध पोचतं का, ते आधी आपल्या एका कलमावर बघा. विषय गवताचा चाललाय.

मालवणी_गाबीत
ओ भाऊ, ह्या सगळा ऱ्हवांदे. सातबारो कोणाच्या नावार आसा तां आधी सांगा.

पावसाळी_माणूस
आजोबांच्या. ते २००९ ला गेले. पण शेती आम्हीच करतो, घरपट्टी आणि वीजबिल बाबांच्या नावावर आहे. त्याचा इथे काय संबंध?

कातळावरचा
संबंध तोच आहे! हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर वरची अर्धी चर्चा वाचली असती. फार्मर आयडीत सातबारावरचा खातेदार त्याच्या आधारशी जोडतात. आजोबांचं आधार आता कुठून आणणार? बाबांचं नाव सातबारावर नाही तोवर बाबांचा आयडी होणार नाही, आणि एप्रिल २०२५ पासून आयडीशिवाय राज्यात कृषी खात्याच्या योजनांचा लाभ नाही.
वारस नोंद करा. तलाठ्याकडे अर्ज द्या किंवा महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवरून भरा. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, प्रतिज्ञापत्र. फेरफार पडतो, नोटिशीचे १५ दिवस जातात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. २०२५ मध्ये यासाठीच जिवंत सातबारा मोहीम निघाली होती.

पावसाळी_माणूस
चुलते मुंबईला, दोन आत्या बोईसरला. आत्यांची नावंही घालायची? त्यांना जमिनीत काही नकोच आहे.

देवगडी_बागायतदार
घालायचीच. वारस म्हणजे सगळे वारस. नको असेल तर पुढे नोंदणीकृत हक्कसोड करतील. आता वगळाल तर उद्या त्यांची मुलं हरकत घेतील. आणि चुलत्यांना हेही सांगा की वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. निम्मी भांडणं त्या गैरसमजातून होतात.

रानवाडी
शिवाय सामाईक खात्याला सगळ्यांचं संमतीपत्र लागतं.

कातळावरचा
फळबाग लागवडीला माझ्याकडून घेतलं होतं, फवारणी पंपाला नाही. कृषी सहायकांना आधीच विचारा, उगाच सगळ्यांना स्टँपपेपरवर सह्या करायला लावू नका.

मालवणी_गाबीत
गणपतीक सगळे घराक येतत. तेव्हाच कागद पुरे करून घेवा. पण पयल्या दिवशी विषय काढू नको, नायतर आरती बाजूक ऱ्हवतली.

पावसाळी_माणूस
म्हणजे या बेणणीला अनुदानाचं मशीन नाहीच. मग राजापुरात भाड्याने कोणाकडे आहे?

रानवाडी
आमच्याकडे मशीन आणि माणूस दिवसावर येतात, पेट्रोल आपलं. पेट्रोल त्याचं ठरवलंत तर तो गवत वरवर उडवून निघून जातो. गाव कुठलं तुमचं? ओणीच्या बाजूला की जैतापूरच्या? ते अंतर बघूनच दर सांगतात.

निवृत्त_मास्तर
दरम्यान किसान कॉल सेंटरला फोन करा, १८००-१८०-१५५१. मराठीत बोलतात.

पावसाळी_माणूस
केला होता. त्यांनी आंब्यावरच्या तुडतुड्यांची माहिती दिली. चांगली दिली, पण मी गवताचं विचारलं होतं. गाव जैतापूरच्या बाजूला.

काजूवाली
इथे सगळे बागायतदार आहेत म्हणून विचारते, काजूची वेंगुर्ला ४ जात लावू की वेंगुर्ला ७?

देवगडी_बागायतदार
ताई, वेगळा धागा काढा. ७ ची बी मोठी, दहा ग्रॅमच्या आसपास. पण आधी जमीन सांगा, कातळ आहे की माती?