प्रभार, आवेश की विद्युतभार?

प्रश्न (इंदूर): भाची हिंदी माध्यमात बारावीला आहे. काल तिला कूलॉमचा नियम, म्हणजे दोन इलेक्ट्रिक चार्जमधलं बल किती ते सांगणारा नियम, समजावत होते. चार्जला माझ्या तोंडी प्रभार, तिच्या पुस्तकात आवेश. ती म्हणाली, "मावशी, प्रभार तर थाना प्रभारीकडे असतो ना!" आणि आई आतून म्हणते, आवेश माणसाला येतो, कणाला कसला? घरात कोणता शब्द धरावा?

उत्तर: पेपरात तिने आवेशच लिहावं. घरी मात्र मी प्रभारच म्हणेन. आवेश म्हणजे मुळात आत शिरणं, 'अंगात येणं' त्याच जातीचं. कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांवर धरा, कपटे टुणकन उडून चिकटतात. केसांतले इलेक्ट्रॉन कंगव्यात शिरलेले असतात, तिथे आवेश चपखल बसतो. पण खुद्द इलेक्ट्रॉनचं काय? त्याच्यात बाहेरून काहीच शिरलेलं नाही. 1.6 × 10⁻¹⁹ कूलॉमचा (कूलॉम हे प्रभाराचं एकक) ऋण प्रभार हा त्याचा अंगचाच. मराठीतला आवेश ओसरतो, हा कधीच ओसरत नाही.

शिवाय नियमात तो मोजायचा असतो. अंतर तेच ठेवून एक प्रभार दुप्पट केला की बल दुप्पट, दोन्ही दुप्पट केले की चौपट. 'दुप्पट आवेश' म्हटलं की मला तरी चढलेला आवाजच ऐकू येतो.

वडोदऱ्याहून: आमच्याकडे गुजराती पुस्तकांत विद्युतभार आहे, जुन्या मराठीतही तो दिसतो. शब्द छान आहे, पण तुमच्या भाचीला नको. हिंदी भौतिकशास्त्रात भार म्हणजे वजन, उगाच घोळ होईल.

प्रश्नकर्ती: प्रभार पक्का. आज 2 आणि 5 मायक्रोकूलॉम, अंतर 30 सेंटिमीटर, असं गणित घातलं. 1 न्यूटन उत्तर बरोबर काढलं, पण मग विचारते, 5 वाल्यावर जास्त बल ना?

उत्तर: नाही, दोघांवरही 1 न्यूटनच, फक्त दिशा उलट. नियमात बल दोन प्रभारांच्या गुणाकारावर ठरतं, तिला त्या 'गुणाकार' या शब्दावर थांबवा. 2 गुणिले 5 काय नि 5 गुणिले 2 काय! बल एकट्या कणाच्या मालकीचं नसतंच, ते दोघांमधलं असतं. म्हणून मी 'कणाचं बल' असं कधी म्हणत नाही, 'परस्परांवरचं बल' म्हणतो. दोन्ही प्रभार धन किंवा दोन्ही ऋण असतील तर गुणाकार धन येतो, म्हणजे प्रतिकर्षण. एक धन, एक ऋण असेल तर गुणाकार ऋण, म्हणजे आकर्षण. आता तिला 5 च्या जागी उणे 5 घालून द्या आणि बाण कुठे काढते ते बघा.